कुटुंबाचा रकाना

माझं काम काय, असं आमच्या इथल्या मराठी मंडळातल्या बायका विचारतात तेव्हा मी "डेटाचं" म्हणते आणि विषय संपवते. ते काही खोटं नाही. आठवड्याचे पाच दिवस मी एका विमा कंपनीत डेटाचंच काम करते. पण हिवाळाभर शनिवार-रविवार मी मॅसॅच्युसेट्स आणि आजूबाजूच्या राज्यांतल्या रिंकवर बसून सतरा-अठरा वर्षांच्या पोरांना आइस हॉकी खेळताना बघते आणि एका व्यावसायिक टीमला कळवते, की यांतला कोण पुढे त्यांच्या कामाचा ठरेल. दर उन्हाळ्यात सगळ्या टीम पाळीपाळीने अशी पोरं निवडतात. त्याला ड्राफ्ट म्हणतात. सात फेऱ्या होतात. सातवी फेरी संपली आणि नाव आलं नाही, की नाही आलं. पुढच्या वर्षी पुन्हा संधी असते, पण एकदा सोडून दिलेल्या पोराकडे दुसऱ्यांदा वळून बघणारे थोडेच.

एवढं कोणाला सांगितलंच तर पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "अय्या, म्हणजे तुम्हाला स्केटिंग येतं?" येत नाही. मी नागपूरची. उसाच्या रसात टाकतात तो बर्फ, एवढीच माझी लग्नापर्यंतची ओळख. माझ्या मुलाने सहाव्या वर्षी हट्टाने हॉकी सुरू केली आणि आमच्या श्रूजबरी गावातल्या बाकीच्या आया ब्लँकेट गुंडाळून गप्पा मारायच्या, तेव्हा मला त्या गप्पांतलंही काही कळायचं नाही आणि खेळातलंही. वेळ जायला हवा म्हणून मी वहीत खुणा करायला लागले. कोणी कोणाला पास दिला, तो पोचला की नाही. संख्याशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या बाईला पेन्सिल आणि रिकामा तास दिलात तर दुसरं काय होणार. एका कोचने ती वही मागून घेतली, मग दुसऱ्याने मागितली, आणि असं करत करत माझ्या मुलाने खेळ सोडल्यावरही मी रिंकवरच राहिले. पूर्वी हे सांगताना मला हसू यायचं.

टीमच्या या कामाला आठ हिवाळे झाले. रिंक कुठलाही असो, वास तोच. ओल्या रबराचा, जुन्या तेलात तळलेल्या बटाट्याचा आणि घामट ग्लव्ह्जचा. बाकावर बसलं की थंडी आधी पायांच्या बोटांत शिरते, मग गुडघ्यांत, आणि गुडघ्यांतली मंगळवारपर्यंत जात नाही. थर्मासमधला चहा दुसऱ्या सत्रापर्यंत कोमट होतो. सतरा वर्षांच्या पोराकडे बघून तो तेविसाव्या वर्षी कसा असेल, हे मला सांगायचं असतं. माझा स्वतःचा मुलगा पुढच्या महिन्यात काय करेल हे मला कधी धड सांगता आलं नाही, आणि लोकांच्या पोरांचं भविष्य मी एका पानात लिहून रविवारी संध्याकाळपर्यंत पाठवते.

पान ठरलेलं आहे. वेग, वळणं, पक म्हणजे ती रबरी चकती हाताळणं, खेळाची समज, जिद्द. प्रत्येकाला गुण द्यायचे. आणि सगळ्यांत शेवटी एक रकाना असतो, कुटुंबाचा. त्याला गुण नसतात, नुसतं लिहायचं असतं. ज्यांचा गंभीरपणे विचार चालू आहे अशा पोरांच्या घरी आम्ही दोघं जातो, मी आणि माझा वरिष्ठ. तो मिनेसोटाचा, जुना खेळाडू, नाक दोनदा मोडलेलं, मनाने भला. घरी गेल्यावर तो आईबापांची उंची डोळ्यांनी मोजतो, कारण पोरगा अजून वाढेल का हे त्यावरून कळतं म्हणतात. मग सोफ्यावर बसून एकच प्रश्न विचारतो, "तुमच्या मुलाबद्दल सांगा."

इथले आईबाप याची वाटच बघत असतात. आमचा पोरगा जन्मजात पुढारी आहे. आमच्या पोराने गॅरेजच्या भिंतीवर पक मारून मारून रंग उडवलाय. नाताळच्या दिवशीसुद्धा व्यायाम चुकवला नाही. पोरगा शेजारी बसून मान डोलावत असतो, जणू दुसऱ्याच कोणाबद्दल चाललंय आणि त्यालाही ते पटतंय. पहिल्या वर्षी मला हे ऐकवत नसे. नंतर सवय झाली. यांतलं निम्मं सोडून द्यायचं असतं, हे माझ्या वरिष्ठाला माहीत आहे आणि तो सोडतोही.

गेल्या हिवाळ्यातल्या ज्या पोराबद्दल सांगायचं आहे तो श्रूजबरीचाच, माझ्या घरापासून गाडीने दहा मिनिटांवरचा. बचाव फळीत खेळायचा. उंची मध्यम, अंगाने किरकोळ, फटका तर अगदीच साधा. पण कोपऱ्यातला पक घ्यायला जाताना तो खांद्यावरून मागे बघायचा. सगळेच बघतात एकदा. हा दोनदा बघायचा. पहिल्यांदा मागे कोण आहे ते, आणि दुसऱ्यांदा तो आता कुठे पोचलाय ते. त्यामुळे पक हातात यायच्या आधीच पास कुठे द्यायचा हे त्याचं ठरलेलं असायचं. हे शिकवून येत नाही. मी त्याचे चौदा सामने पाहिले, आणि दर वेळी वहीत तीच खूण केली.

त्याची आई मला मंडळाच्या गणपतीत दिसली होती, प्रसादाच्या रांगेत. बोलणं झालं नव्हतं. घर मराठी आहे हे मला आडनावावरून कळलं होतं, आणि कळल्या क्षणापासून मी सावध झाले होते. त्याला कारण होतं. तीन वर्षांपूर्वी मी एका भारतीय आडनावाच्या गोलकीपरची बाजू घेतली, तेव्हा मीटिंगमध्ये कोणीतरी विचारलं होतं, "तुझा भाचा का?" सगळे हसले. मीही हसले. वाईट हेतूने विचारलं नव्हतं, पण ते वाक्य माझ्या अंगाला चिकटलं ते चिकटलंच. त्यानंतर कुठलंही देशी नाव समोर आलं की मी गुण देताना हात आखडता घ्यायचे. आपल्या माणसाला झुकतं माप दिलं असं कोणी म्हणू नये म्हणून आपल्याच माणसाचं माप काटायचं. लहानपणी आमच्या शाळेतल्या एक बाई वर्गातल्या आपल्या मुलीला पेपरात मुद्दाम एक गुण कमी द्यायच्या. तेव्हा आम्हाला ते फार थोर वाटायचं.

जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी आम्ही त्या पोराच्या घरी गेलो. दार वडिलांनी उघडलं. पुण्याचे, पन्नाशीच्या आसपासचे, रविवार असून इस्त्रीचा शर्ट खोचलेला. आधी त्यांना माझा वरिष्ठ दिसला, त्यांनी जोरात हात मिळवला. मग मी दिसले. ईमेल वरिष्ठाच्या नावाने गेलं होतं, त्यामुळे मी येणार हे त्यांना माहीत नव्हतं.

"अरे! तुम्ही मराठी का?" ते म्हणाले. आतून त्यांची बायको आली आणि म्हणाली, "अहो, या आपल्या मंडळातल्या ताई. गणपतीत बघितलंय मी यांना. या ना ताई, बसा. काय गं बाई थंडी आज!"

दोघांच्या चेहऱ्यावरचा ताण एकदम उतरला. वडिलांनी शर्टाच्या खिशाला हात लावला, काढला, पुन्हा लावला. मला वाटलं, चष्मा शोधताहेत.

पोरगा कार्पेटवर बसला होता, पांढऱ्या मोज्यांत, पाय पोटाशी घेऊन. बर्फावर मोठा वाटणारा पोरगा घरात किती लहान दिसतो, याचं मला दर वेळी नवल वाटतं. मी बाथरूम विचारलं, तेव्हा त्याने उठून तळघराचा जिना दाखवला. खाली गेले तर एक अख्खी भिंत प्लॅस्टिकच्या पांढऱ्या पत्र्यांनी मढवलेली होती, पकच्या डागांनी काळी झालेली. पत्रे हाताने ठोकलेले होते, एकाची कड दुसऱ्यावर चढलेली, स्क्रू वाकडे. हे काम माणूस बोलावून केलेलं नव्हतं. सुटीच्या दिवशी, हातात ड्रिल धरायची सवय नसलेल्या माणसाने केलेलं होतं. भिंतीपाशी एक घडीची खुर्ची होती, आणि खुर्चीजवळ एक चहाचा कप राहिला होता.

वर आले तर टेबलावर साबुदाण्याचे वडे आले होते आणि माझा वरिष्ठ दुसरा वडा खात होता. खाऊन झाल्यावर त्याने हात पुसले आणि नेहमीचा प्रश्न विचारला.

वडिलांनी त्याच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मग थोडंसं हसले.

"काय सांगणार? ठीक आहे," ते इंग्रजीत म्हणाले. "आळशी आहे. आईने तीन हाका मारल्याशिवाय उठत नाही."

"तीन? पाच म्हणा," आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

"हॉकीचं वेड आहे, बाकी डोकं चालवत नाही. कोचला आवडतो म्हणून खेळवतात, नशीब त्याचं. इतकं लक्ष अभ्यासात घातलं असतं तर कुठल्या कुठे गेला असता."

"आणि ड्राफ्टमध्ये नाव आलं नाही तर?" वरिष्ठाने विचारलं.

"मग काय, इंजिनिअरिंग आहेच. हे आपलं शाळेपुरतं."

वरिष्ठ लिहीत होता. लिहून झाल्यावर त्याने पोराकडे बघून हलकेच विचारलं, "बाबा म्हणतात ते तुला पटतं का?"

पोरगा मोज्याचा धागा ओढत होता. खांदे उडवून म्हणाला, "आय गेस."

मराठी वाचणाऱ्याला मी काय समजावून सांगू. पाहुण्यासमोर स्वतःच्या पोराचं कौतुक करायचं नाही, कोणी केलं तर ते झटकून टाकायचं, पाचव्या वर्षी पाढे म्हणणाऱ्या पोराबद्दलही "कसलं काय, नुसता उंडारतो" म्हणायचं, यात आपण सगळे वाढलो. त्यामागे दृष्ट लागायची भीती असते, लाज असते, आणि मायाही असते. बाप जितका जास्त फुगलेला तितका तो पोराला जास्त आळशी म्हणतो. त्या खोलीत हे कळणारी मी एकटी होते. त्यासाठीच टीमने मला तिथे पाठवलं होतं, असं म्हटलं तरी चालेल.

परतताना गाडी वरिष्ठ चालवत होता. रस्त्याकडेला उपसलेल्या बर्फाचे काळे ढीग. तो म्हणाला, "पोरगा मला आवडला. पण घरच्यांचा जीव यात दिसत नाही. तुला काय वाटलं?"

एका वाक्याचं काम होतं. आमच्यात असंच बोलतात, त्यांनी म्हटलेलं उलटं करून घे, तळघरातली भिंत बघ. एवढंच. पण ते वाक्य ओठांवर आलं तेव्हा त्याच्याआधी दुसरं आलं, तुझा भाचा का. मला वाटलं, आत्ता मी यांची वकिली केली तर हा म्हणेल, घरी वडे खाल्ले आणि विरघळली. मी म्हणाले, "मनात असेल ते बोलणारी साधी माणसं आहेत."

हे खरं नव्हतं. त्या दिवशी त्या घरात मनातलं कोणीच बोललं नव्हतं, मीही नाही.

त्या संध्याकाळी कुटुंबाच्या रकान्यात मी जसंच्या तसं लिहिलं. वडिलांच्या मते मुलगा आळशी. आईला त्याला उठवावं लागतं. कुटुंबाचा कल इंजिनिअरिंगकडे. भिंतीबद्दल लिहिलं नाही. ती मी एकटीने पाहिली होती, आणि मला वाटलं, त्यात माझं मत मिसळेल. लिहिलेलं वाचून पाहिलं तर एकही शब्द चुकीचा नव्हता. खेळाच्या समजेला मी दिले असते त्यापेक्षा एक गुण कमी दिला, आणि पाठवून टाकलं. फार बरं वाटलं असं नाही, पण कोणी बोट ठेवू शकणार नाही असं वाटलं. या कामात मला हल्ली तेवढंच पुरायचं.

वसंतात एकदा माझ्या मुलाचा फोन आला. तो आता तिशीला आलाय, शिकागोजवळ शॉमबर्गला राहतो, लोकांचे दुखरे खांदे आणि गुडघे बरे करतो. माझ्या गुडघ्यांबद्दल बोलता बोलता मी त्याला विचारलं, का कोण जाणे, की तू पंधराव्या वर्षी हॉकी का सोडलीस. यापूर्वी कधी विचारलं नव्हतं. मला वाटत होतं, कंटाळला.

"तू कोचला सांगितलं होतंस ना, ही इज नॉट दॅट सिरियस," तो म्हणाला. "मी गाडीत बॅग ठेवत होतो. आय हर्ड यू."

"अरे, ते मी आपलं असंच म्हणाले होते."

"आय नो, आई. आता कळतं. तेव्हा वाटलं, तू एवढं वहीत लिहितेस, यू मस्ट नो."

तो हे चिडून म्हणाला नाही. चिडला असता तर मला सोपं गेलं असतं. फोन ठेवल्यावर मी संगणक उघडून त्या पोराच्या रिपोर्टपर्यंत गेले. तो बंद झाला होता, पण दुरुस्तीची चिठ्ठी जोडता येत होती. मी दोन ओळी लिहिल्या, पुसल्या. इतक्या महिन्यांनी, कोणी विचारलेलं नसताना, का लिहिलं म्हणून विचारतील तर काय सांगू, असं वाटलं. मी थकले होते हे कारण देता येईल. भित्री होते हे जास्त खरं आहे.

ड्राफ्ट दोन दिवस चालतो. त्यातल्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे टीमच्या ऑफिसातल्या लांब टेबलाभोवती बसलो होतो. पहिल्या फेऱ्यांत गंभीरपणा असतो, शेवटच्यांत सगळ्यांना भूक लागलेली असते. सहाव्या फेरीत आमची पाळी आली तेव्हा पडद्यावरच्या आमच्या यादीत दोन नावं उरली होती. एक हा. दुसरा एक उंच आघाडीचा खेळाडू, गॅरेजच्या भिंतीचा रंग उडवणारा. त्याला मी सहा वेळा पाहिलं होतं. पक हातातून गेला की तो परत धावायचा नाही, कंबरेवर हात ठेवून उभा राहायचा.

आमच्या प्रमुखाने दोघांचे रिपोर्ट वाचले आणि या पोराच्या शेवटच्या रकान्यापाशी थांबला. "घरच्यांनाच खात्री नाही?" त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं. "तू होतीस ना तिथे? असं आहे का?"

खोलीतले सगळे माझ्याकडे बघत होते. मला ती घडीची खुर्ची आठवली. मला माझ्या मुलाचा आवाज आठवला.

"ते तसं म्हणाले," मी म्हणाले.

आमच्याकडून उंच पोराचं नाव दिलं गेलं. सातव्या फेरीतली आमची पाळी टीमने आधीच दुसऱ्या टीमला देऊन टाकली होती. मी बाकीच्या टीमची नावं शेवटपर्यंत ऐकत बसले, कोणीतरी दुसरं त्याला घेईल, माझ्यासारख्याच कुठल्या तरी रिंकवर बसलेल्या माणसाने त्याला दोनदा मागे बघताना पाहिलं असेल, म्हणून. कोणी घेतलं नाही. टेबलावर सँडविच आली.

आठवड्याने त्याच्या आईचा फोन आला. "ताई, रविवारी चहाला या ना. काही नाही, सहज." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. आम्ही पोरांशी निकालाबद्दल बोलायचं नसतं, असा नियम आहे. मी गेले.

घर तेच, खुर्च्या त्याच. वडिलांनी "या ताई" म्हटलं आणि टीव्हीचा रिमोट उगाच इकडचा तिकडे ठेवला. आईने सांगितलं, की ड्राफ्टच्या दोन्ही दिवशी त्यांनी कोणालाच काही कळवलं नव्हतं, पुण्यालाही नाही. तिघांनीच सातही फेऱ्या बघितल्या. आधी सांगितलं की होता होता बिघडतं, म्हणून. शेवटचं नाव झाल्यावर पोराने टीव्ही बंद केला आणि जेवायला काय आहे विचारलं.

तो आता समोरच बसला होता. म्हणाला, "काकू, कॅन आय आस्क यू समथिंग? वॉज इट माय स्केटिंग?"

"नाही," मी म्हणाले. "तुझं स्केटिंग चांगलं आहे. डोकं त्याहून चांगलं आहे."

"देन व्हॉट?"

नियम मोडायला मला आठ वर्षं लागली. मी सांगितलं. शेवटचा रकाना, त्यात काय लिहिलं होतं, ते कोणी लिहिलं होतं, आणि खोलीत मला विचारलं तेव्हा मी काय म्हणाले. मराठीत सांगितलं, मग त्याला नीट कळावं म्हणून इंग्रजीत. तो वडिलांकडे बघत नव्हता, मोज्यांकडे बघत होता.

"मी म्हणालो ते लिहिलं?" वडील म्हणाले. "अहो ताई, पण ते तर आपण..." ते थांबले. "तुम्हाला कळलं होतं ना?"

"हो. तेव्हाच."

"मग?"

"मला भीती वाटली," मी म्हणाले. "म्हणतील, आपल्या माणसाची बाजू घेते. माझं चुकलं."

ते उठून आत गेले. मला वाटलं, रागावले, आणि रागावले असते तर ते बरोबरच होतं. पण ते परत आले, हातात चार घड्यांचा एक कागद घेऊन.

"नेटवर वाचलं होतं, असे लोक आले की पोराबद्दल चांगलं बोलावं लागतं, पॉइंट्स काढून ठेवा," ते म्हणाले. "काढले होते. दोन दिवस प्रॅक्टिस पण केली, ऑफिसला ड्राइव्ह करताना. कोणी दोन अमेरिकन येतील असं धरून चाललो होतो, त्यांच्यासमोर इंग्रजी करून वाचलं असतं हो मी. दार उघडलं तर तुम्ही. आपल्या माणसासमोर कसं वाचणार? लाज वाटली. आणि म्हटलं, ताई आहेत, त्यांना काय सांगायला हवंय, त्या समजून घेतील."

"व्हॉट इज दॅट?" पोराने विचारलं. कागद मराठीत होता आणि त्याला मराठी वाचता येत नाही.

आईने पदर नसताना पदर शोधावा तसा हात खांद्याकडे नेला आणि खाली आणला. "ताई, तुम्हीच वाचून दाखवा त्याला. आम्हाला नाही जमायचं."

मी चष्मा लावला. एकेक ओळ वाचत गेले आणि इंग्रजीत सांगत गेले. जानेवारीत करायचं काम होतं ते.

पाचचा अलार्म लावतो, आम्ही उठायच्या आत तयार असतो. सातव्या वर्षापासून स्वतःची बॅग स्वतः उचलतो. हरला तर दुसऱ्याला दोष देत नाही. मला या खेळातलं कळत नाही, तरी मी विचारलं की न कंटाळता सांगतो. मी एकदा त्याच्यासोबत स्केटिंग करायला गेलो आणि सगळ्यांसमोर पडलो, तेव्हा हसला नाही, हात धरून अख्खी फेरी मारून आणली.

मी थांबले. पोराचे कान लाल झाले होते.

"इज दॅट इट?"

"एक आहे अजून." मी वडिलांकडे बघितलं. ते कार्पेटकडे बघत होते, हुबेहूब पोरासारखे. मी तीही वाचली. 'हे सगळं त्याच्यासमोर बोलायचं नाही.'

 पोराने हात पुढे करून कागद माझ्याकडून घेतला, सुलटा की उलटा ते कळेना म्हणून एकदा फिरवून पाहिला, आणि विचारलं, "यातली स्केटिंगची ओळ कोणती?"

ते त्याने मराठीत विचारलं. मी बोट ठेवून दाखवली.